गव्हाणीजवळची लेथ

बैल विकले त्या साली कोठा रिकामा झाला
आणि बंद पडलेल्या जिनिंगमधून
किलोच्या भावानं एक लेथ आली.
टेम्पोवाला म्हणाला, भंगार कुठं उतरवू वहिनी?
म्हटलं, गव्हाणीजवळ.

तिथंच आहे ती. गव्हाणीत आता
पितळेचे तुकडे, वाकलेले शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना
आणि डालड्याच्या डब्यात माझे चुकलेले बुश.
टाकून देत नाही. एकेकावर खडूनं लिहून ठेवलंय
किती चुकलं ते:
एक सूत. अर्धं सूत. केसभर.
एकावर नुसतंच, घाई.

थ्री फेज येते रात्री बाराला.
गाव टॉर्च घेऊन पऱ्हाटीला पाणी द्यायला जातं
आणि मी पदर खोचून वर चढवते
नवऱ्याचा जुना शर्ट, बाह्या कापलेला.
फिरत्या चकाला बाही सापडली
की तो माणूस ओढून घेतो,
हे आयटीआयच्या पहिल्याच दिवशी
ढोबळे सरांनी सांगितलं होतं
सत्तावीस पोरांना, आणि मग वेगळं, मला:
वेणी बांध.

येतात माणसं. कुणाच्या डाळचक्कीचा दात,
कुणाच्या पेरणीयंत्राची चकती.
दुकानदारानं सगळ्यांना एकच सांगितलेलं असतं,
तो पार्ट बंद झाला, पूर्ण मशीनच घ्या.
मी तुटका तुकडा हातात घेते, उन्हात धरते,
तो कुठून थकला होता ते बघते.

सोमाजी कोवे आला तेव्हा तुटकं काहीच नव्हतं.
पंप नवा, फवारणीचा, पाठीवरचा,
दांडा डाव्या हाताला.
आणि डाव्या हाताची मधली तीन बोटं
चार वर्षांपूर्वी मळणीयंत्रात गेलेली.
"दोन बोटाईत दांडा राह्यत नाही वो बाई."

व्हर्निअर काढलं, परत ठेवलं.
लिंपायची माती भिजवली, गोळा केला,
म्हटलं, धरा. दांडा धरता तसा.
त्यानं धरला. बराच वेळ सोडला नाही.
मग हात काढून त्या खड्ड्याकडं बघत म्हणाला,
"एवढाच राह्यला का वो?"
म्हटलं, अंगठा नीट उमटला नाही.
पुन्हा दाबा.

सायकलच्या हँडलचा पाइप, वर बाभळीचा गाभा.
लेथवर निम्मंच काम झालं.
लेथला गोल कळतं; हात गोल नसतो.
बाकी सगळं कानशीनं, पॉलिश पेपरनं,
मातीला लावून बघत, पुन्हा घासत.
पहिला फाटला.
दुसऱ्याचं छिद्र अर्धं सूत वर गेलं, गेला डब्यात.
तिसरा घेऊन सोमाजी गेला, आणि संध्याकाळी
पोराच्या हाती पावशेर तीळ पाठवले.

भाद्रपदात त्याचा पंप चोरीला गेला
शेतातल्या खोपडीतून.
आठव्या दिवशी परत सापडला
मारुतीच्या पारावर. टाकी धुतलेली,
पट्टासुद्धा नीट गुंडाळलेला.
सोमाजी मुद्दाम सांगायला आला, दारातच हसत सुटला,
"कोनाच्याच हातात बसला नसन!"
आत चहा ठेवला तरी हसू थांबेना,
बशीतला अर्धा चहा त्याच्याच धोतरावर.

मातीचा तो गोळा अजून खिडकीत आहे,
वाळून भेगाळलेला.
कधी जाता येता त्यात माझं बोट ठेवून बघते.
मला तो मोठा होतो.

परवा एक जण आला, पलीकडच्या गावचा,
मी आधी न पाहिलेला.
पंप खाली ठेवला, घाम पुसला,
माझ्याकडं न बघता म्हणाला,
"तसाच दांडा करून द्या.
पन माह्या हाताचा."

तसाच म्हणजे कसा,
ते मी काही विचारलं नाही.
माती भिजवायला घेतली.